कोरडी काच

"ट्रॅफिकमध्ये अडकलोय बाबा. सिग्नलच सुटत नाहीये. तुम्ही दोघं जेवून घ्या," मुलगा फोनवर म्हणाला, आणि टकटकरावांना त्याचे ओठ हलताना दिसले. फोनवर बोलणाऱ्या माणसाचे ओठ दिसायची काही रीत नाही, पण दिसले खरे. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, सत्तेचाळीस नंबरच्या चौकोनात, भिंतीकडे तोंड करून उभी असलेली गाडी मुलाची होती, आत बसलेला मुलगा त्यांचाच होता, आणि गाडीतल्या आरशात अर्धी हनुवटी आणि दोन ओठ स्वच्छ दिसत होते. झालं होतं एवढंच, की टकटकराव पाय मोकळे करायला निघाले आणि चष्मा घरात विसरल्यामुळे लिफ्टमध्ये भलतंच बटण दाबून बसले. जवळचं त्यांना दिसत नाही, लांबचं मात्र अजून घारीसारखं दिसतं. दार उघडलं ते तळघरात, खिशातला फोन वाजला तोही तिथेच, आणि समोर हे. "बरं," ते फोनमध्ये म्हणाले, "सावकाश ये." मग खांबाआड सरकले. चोरी पोराची आणि लपायचं बापाने, याला काय म्हणावं! पुढे जाऊन "कुठला रे सिग्नल?" असं विचारलं असतं तर दोघं हसले असते आणि विषय तिथेच संपला असता. पण ते गेले नाहीत. लिफ्टने गुपचूप वर आले आणि सूनबाईला म्हणाले, ट्रॅफिकमध्ये अडकलाय. मुलगा आला तो एक तास दहा मिनिटांनी. घामाने निथळत, छाती भात्यासारखी वरखाली होत. सात मजले जिन्याने चढून आला होता. "व्यायाम," तो म्हणाला. "आणि ट्रॅफिकचं तर विचारूच नका." कोणी विचारलंही नाही.

टकटकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहराबाहेरच्या ड्राइव्ह-इन थिएटरात छत्तीस वर्षं नोकरी केली, तिथे पडलेलं नाव. उघड्या माळावर चारमजली उंचीचा पांढरा पडदा, समोर मातीचे उंचवटे घातलेल्या अकरा रांगा. गाडीची पुढची चाकं उंचवट्यावर चढवली की तिचं नाक वर व्हायचं आणि आतल्या माणसाला मान न ताणता पडदा दिसायचा. दोन गाड्यांच्या मध्ये एक खांब, खांबावर दोन लोखंडी स्पीकर. आपला स्पीकर उचलायचा, अर्ध्या उतरवलेल्या काचेला अडकवायचा, की सिनेमा गाडीत बोलायला लागायचा. थिएटर उघडलं तेव्हा टकटकराव बाविशीत होते, आणि शहरात असं काही असतं हे लोकांना ठाऊकच नव्हतं. पहिल्या महिन्यात लोक गाडी लावून बाहेर पडायचे आणि विचारायचे, "खुर्च्या कुठायत?" मग हळूहळू कळलं की खुर्ची आपण घरून घेऊन आलोय. मग जी गर्दी लोटली! बाळंतिणी आल्या, कारण तान्हं रडलं तरी काच वर केली की जगाला त्रास नाही. पाय प्लास्टरमध्ये असलेले आले, अंथरुणाला खिळलेले म्हातारे मागच्या सीटवर उशांसकट आले. घरच्या कपड्यांत, केस न विंचरता लोक आले. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातली नवी जोडपी कोणाची तरी गाडी मागून आली, आणि त्यांनी पडद्याकडे फारसं पाहिलं असेल असं टकटकरावांना वाटत नाही. डिकीत लपून फुकट्या पोरांनी यायचं ठरलेलंच होतं. एकदा डिकीतला एक जण आतच घोरायला लागला तेव्हा फाटकावरच्या बाईने त्याला सबंध सिनेमाभर तसाच झोपू दिला होता.

आणि सिनेमा संपला की लोक हमखास विसरायचे. काचेला स्पीकर अडकवलेला आहे हे विसरून गाडी सुरू करायचे आणि निघून जायचे. तट्‌कन वायर तुटायची, खांब हलायचा, आणि गाडी आपली कानात डूल घातल्यासारखी स्पीकर लटकवून शहरात शिरायची. दुसऱ्या दिवशी ओशाळत परत यायचे. म्हणून मालकांनी एक माणूस नेमला. टॉर्च घेऊन रांगांमधून फिरायचं, खेळ संपला की प्रत्येक काचेवर टकटक करायची आणि म्हणायचं, "स्पीकर जागेवर ठेवा." हेडलाइट चालू राहिले तर टकटक. झोपले असतील तर टकटक. यातूनच टकटकराव. यातही कसब असतं म्हटलं तर लोक हसतील, पण असतं. जोडपं असेल तर लांबून खोकत यायचं आणि नखाने वाजवायचं. झोपलेल्याला बोटाच्या पेराने. भांडणाऱ्यांना टॉर्चच्या बुडाने, कारण त्याशिवाय ऐकू जात नाही. आणि काच उतरली की आतलं माणूस, मग ते रडून डोळे सुजलेलं असो की कोणाच्या मिठीतून सुटलेलं, एकच वाक्य बोलायचं: "काही नाही, निघतोच आहे." छत्तीस वर्षांत दुसरं वाक्य कोणी बोललं नाही. थंडीत तर काच बघूनच कळायचं. आत माणूस असेल तर काच आतून घामेजते. दोघं असली तर लवकर, एकटं असलं तर जरा उशिरा. गाडीत माणूस आहे की नाही, जागं आहे की झोपलंय, नुसतं बघतंय की बोलतंय, हे टकटकराव काचेवरच्या धुक्यावरून सांगायचे, आणि बायको म्हणायची, "घरातल्या माणसांच्या तोंडावरचं वाचता येईल तो सुदिन!"

तेच तर. त्या पहिल्या दिवसानंतर टकटकराव रोज संध्याकाळी तळघरात जायला लागले. सूनबाई शाळेत शिकवायची. समोर पेपरांचा गठ्ठा आणि हातात लाल पेन अशीच ती संध्याकाळी दिसायची. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमचं फिरणं हल्ली फारच वाढलंय." ते म्हणाले, "गुडघे धरतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." खोटं बोलायला घरात आता दोन माणसं झाली. ते खांबाआड उभे राहायचे आणि बघायचे. दुसऱ्या दिवशी पन्नास मिनिटं. तिसऱ्या दिवशी दीड तास. रविवारी तर दूध आणायला म्हणून गेला तो चाळीस मिनिटं पिशवी मांडीवर ठेवून बसला होता, वर आला तेव्हा दूध कोमट झालं होतं. इंजिन बंद, दिवे बंद. फोनशी चाळा नाही, गाणं नाही, दारू तर नाहीच, ते असतं तरी बरं म्हणावं अशी पाळी टकटकरावांवर आली. नुसता समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा. भिंत नुकतीच रंगवलेली, पांढरीफटक. हळूहळू काचा घामेजायच्या, भिंत दिसेनाशी व्हायची, तरी हा बघतच असायचा. काचेवर धुकं धरलं की टकटकरावांचा जीव भांड्यात पडायचा. आहे. श्वास चाललाय. मग ते लिफ्टने वर जायचे आणि काही वेळाने जिन्यातून धापा ऐकू यायच्या. एकदा दोघं घरी नसताना त्यांनी मुलाच्या कपाटात चोरासारखे हात घातले, गोळ्यांची पाकिटं मोजली, दाढीचं सामान उलटंपालटं केलं. काय शोधतोय हे स्वतःशी म्हणायची हिंमत नव्हती. पण मनात एकच होतं. पोरगा जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. आज नाही तर उद्या. आणि आपण खांबाआड उभे राहून मिनिटं मोजत असू.

मग पुढे जाऊन टकटक का करत नाहीस, गाढवा? हा प्रश्न त्यांनी स्वतःला रोज विचारला. जन्मभर परक्यांच्या काचा वाजवल्या, मध्यरात्री, पावसात, कोणाकोणाच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हा हात कधी कचरला नाही. इथे दहा पावलांवर पोटचा पोरगा आणि हात लाकडाचा झालेला. कारण समजा टकटक केली. काच उतरेल. तो म्हणेल, "काही नाही, निघतोच आहे." आणि एकदा हे वाक्य तोंडातून गेलं की दार बंद झालं, पुन्हा विचारता येत नाही, हे टकटकरावांइतकं कोणाला माहीत? शिवाय हे वाक्य त्यांनी पोराच्या तोंडून एकदा ऐकलेलंच होतं.

चार वर्षांपूर्वी. म्हणजे थिएटर खरं तर त्याच्याही आधी बंद पडलं होतं. घरोघरी पडदे झाले, माळाला भाव आला, मालक म्हातारे झाले, अकरा रांगांत तीन गाड्या दिसायला लागल्या. एका सोमवारी फाटकाला कुलूप लागलं आणि टकटकरावांनी टॉर्चमधल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या. मग ती साथ आली. जगातली सगळी थिएटरं बंद, माणसाला माणसाचा श्वास चालेना, आणि तेव्हा कोणाला तरी आठवलं की असं एक ठिकाण आहे जिथे प्रत्येक जण आपापल्या पेटीत बसतो आणि तरी सगळे एकत्र असतात. मालकांनी बोलावणं धाडलं. स्पीकर तर केव्हाच गंजून गेले होते, आता आवाज गाडीच्या रेडिओवर यायचा, अमुक आकडा लावा म्हणून फाटकावर पाटी. सात महिने काय दिवस गेले! गच्च भरलेला माळ. टाळ्या वाजवल्या तरी काचेबाहेर ऐकू जात नाहीत म्हणून लोक हॉर्न वाजवायचे, आवडत्या जागी हेडलाइट लावायचे, तीनशे गाड्या एकदम उजळायच्या. टकटकरावांची बायको त्याच साथीत गेली. कोणी घरी येऊ शकत नव्हतं, कोणाच्या खांद्यावर डोकं टेकता येत नव्हतं, आणि टकटकराव संध्याकाळी तोंडाला फडकं बांधून रांगांमधून फिरायचे. त्यांना तेव्हा कळलं लोक इथे का येतात. माणसाला एकटं बसायचं असतं, पण एकटं पडायचं नसतं. शेजारच्या गाडीत कोणी तरी आहे, त्याच्याही काचेवर धुकं आहे, एवढं पुरतं.

तर साथ ओसरली, माळ विकला गेला, आणि शेवटच्या खेळाला मुलगा म्हणाला, "बाबा, आज तुम्ही कामावर नाही. आज तुम्ही गिऱ्हाईक. माझ्या गाडीत बसायचं." बसले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा आतून पाहत होते. दोघं शेजारी शेजारी, दोघांची तोंडं समोर. सिनेमा अर्धा झाला असेल. मुलगा पडद्याकडे बघतच म्हणाला, "बाबा, एक सांगायचं होतं." आणि नेमकं तेव्हाच पाचव्या रांगेतल्या कोणा शहाण्याने हेडलाइट लावून ठेवले. पडद्यावर पांढरा डाग पडला. टकटकरावांच्या तोंडून "आलोच!" गेलं, दार उघडून ते उतरलेसुद्धा. जित्याची खोड! जाऊन टकटक केली, काच उतरली, "काही नाही, चुकून राहिले" झालं, दिवे विझले. परत येऊन बसले आणि म्हणाले, "हां, काय सांगत होतास?" मुलगा म्हणाला, "काही नाही." पुढचा तासभर दोघं सिनेमा बघत होते. कुठला सिनेमा होता, विचारा! टकटकरावांना त्यातलं एक चित्र आठवत नाही. ते "काही नाही" मात्र रोज आठवतं, पाठ टेकली की आठवतं. काय सांगायचं होतं त्याला? आईबद्दल? बायकोबद्दल? की ह्याच कशाची तरी ती सुरुवात होती, आणि बाप दुसऱ्याचे दिवे विझवायला गेला?

आणि खरं सांगायचं तर हेही पूर्ण कारण नव्हे. पूर्ण कारण बावीस वर्षं जुनं आहे आणि ते टकटकरावांनी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. एक गृहस्थ दर बुधवारी यायचे. सायीच्या रंगाची गाडी, सहावी रांग, डावीकडून तिसरा खांब. नेहमी एकटे. सिनेमा संपला तरी बसून राहायचे, माळ रिकामा झाला की मग जायचे. पहिल्या दोन बुधवारी टकटकरावांनी टकटक केली, तेव्हा ते इतके ओशाळून "काही नाही, निघतोच आहे" म्हणाले की तिसऱ्या बुधवारपासून टकटकरावांनी त्यांना सोडून दिलं. असतं एकेकाचं. बसू दे बिचाऱ्याला. थंडीचे दिवस होते. त्या बुधवारी सगळ्या गाड्या दुधी झाल्या होत्या, आणि टॉर्चचा झोत सहाव्या रांगेवरून फिरला तेव्हा त्या गाडीची काच कोरडी होती. लख्ख. आतलं स्टिअरिंगसुद्धा दिसत होतं, त्यावर टेकलेलं डोकंही. टकटकरावांनी पाहिलं. पाहिलं, आणि मनात म्हणाले, झोप लागलेली दिसते, आणि पुढे गेले. सकाळी फाटकावरची बाई ओरडत आली. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, आधी कळलं असतं तर कदाचित. मालक म्हणाले, तुझी काय चूक, तो माणूस नेहमीच बसायचा. सगळे म्हणाले, तुझी काय चूक. टकटकराव हो हो म्हणत राहिले. काच कोरडी होती हे मात्र कोणाला बोलले नाहीत. झाकली मूठ. पण मूठ झाकून ठेवायची तर हात दुसऱ्या कशाला मोकळा राहत नाही, हे त्यांना हळूहळू कळत गेलं. पोरगा मोठा होत गेला आणि बाप त्याच्याशी हवापाण्याचं बोलत गेला.

आज नववा दिवस. बाहेर गारठा, तळघर तर बर्फाची पेटी झालेलं. मुलाचा फोन सहा वाजता येऊन गेला होता: "ट्रॅफिक आहे बाबा." टकटकराव खाली उतरले तेव्हा साडेसात झाले होते, कारण शेजाऱ्यांनी लिफ्टपाशी गाठून आपल्या मूतखड्याची सगळी हकीकत ऐकवली होती. म्हणजे दीड तास तो आत होता. खांबाआड गेले, नेहमीसारखी मान पुढे काढली. गाडीची काच कोरडी होती.

मागची काच कोरडी. बाजूची काच कोरडी. आत सीटच्या वर डोकं दिसत नव्हतं. डोकं पुढे झुकलं होतं, स्टिअरिंगवर. रोज एवढ्या वेळात काचा दुधी व्हायच्या आणि आज दीड तास माणूस बसलेली गाडी आजूबाजूच्या रिकाम्या गाड्यांसारखी लख्ख होती. टकटकराव निघाले. गुडघे नको म्हणत होते. दहा पावलं. सहाव्या रांगेपर्यंत अशीच दहा पावलं होती, तेव्हा ती टाकली नाहीत, तेव्हा गुडघे तरणेताठे होते. अरे देवा, पुन्हा नको. माझं घे, माझं काय उरलंय, पण हे पुन्हा नको. गाडीपाशी पोहोचले. हात वर केला. आणि हात तिथेच थांबला, काचेपासून चार बोटांवर. टकटक केली आणि डोकं हललं नाही तर? जोवर वाजवत नाही तोवर तो झोपलेला आहे. वाजवलं की मग काय ते कळणार. कळायला नको होतं त्यांना. तिथेच, असाच हात धरून, मरेपर्यंत उभं राहायची त्यांची तयारी होती. नखाने वाजवू? पेराने? कोणाला कसं वाजवायचं हे सगळं कसब गेलं आणि त्यांनी दोन्ही मुठींनी काच बडवायला सुरुवात केली, धाडधाड, वेड्यासारखी.

डोकं उचललं गेलं. मुलाचा चेहरा वळला, भेदरलेला, स्टिअरिंगचा वळ कपाळावर उमटलेला. जिवंत. पलीकडची काच चांगली वीतभर उघडी होती, तिथून गार हवा आत येत होती, म्हणून धुकं धरलं नव्हतं. एवढंच! टकटकरावांना हसू आलं आणि त्याच श्वासात रडू, आणि दोन्ही गिळताना ठसका लागला. मुलाने इकडची काच उतरवली. "बाबा? तुम्ही इथे?" आणि मग, डोळे पुसून, सरळ बसून, तो म्हणाला, "काही नाही. निघतोच आहे."

टकटकराव गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, दार उघडलं आणि आत बसले. दार ओढून घेतलं. गाडीत बारीक खरखर चालली होती. त्यांनी चष्म्याशिवाय डोळे बारीक करून पाहिलं. रेडिओ चालू होता, एक नंबरच्या बटणावर. थिएटरचा आकडा. तिथून आता कोणी काही पाठवत नाही, माळावर गोदामं झालीत, तरी हा रोज ती खरखर लावून बसत होता. समोर पांढरी भिंत. दोघं तिच्याकडे बघत राहिले. विचारायचं नाही, असं टकटकरावांनी दातांखाली जीभ धरून ठरवलं होतं. शेवटी ते म्हणाले, "पडदा जरा डावीकडे कललाय."

मुलगा हसला. हसणं मध्येच मोडलं आणि त्याचा जो आवाज निघाला तो टकटकरावांनी पोरगा सात वर्षांचा होता त्यानंतर ऐकला नव्हता.

"बाबा, मला लिफ्टमध्ये पाय टाकवत नाही."

"अरे, तू लिफ्टवाला. लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर."

"म्हणून तर." तो भिंतीशीच बोलत होता. "बारा दिवसांपूर्वी एका इमारतीत तपासणी होती. वर चढून ब्रेक बघायचा असतो, मग फॉर्मवर खूण करायची. चोवीस खुणा असतात. मी दमलो होतो. मी वर गेलोच नाही बाबा. खाली गाडीत बसून सगळ्या खुणा केल्या. याच सीटवर बसून. दुसऱ्या दिवशी माझा मेकॅनिक लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून काम करत होता. ब्रेक सुटला."

"गेला?"

"नाही. कमरेखाली काही कळत नाही त्याला. तीस वर्षांचा आहे. मी हॉस्पिटलात भेटायला गेलो. तो मला म्हणाला, सर, तुम्ही तर ब्रेक बघून गेला होतात ना? मी म्हटलं, हो."

खरखर चालू होती. टकटकरावांनी हात पुढे केला आणि मुलाच्या मनगटावर ठेवला, मान न वळवता.

"कंपनीने कागद तयार केलाय. त्याने सेफ्टीचा पट्टा लावला नव्हता, त्याचीच चूक, म्हणून. उद्या दहा वाजता त्यावर माझी सही हवीय. सही केली की विषय संपला, असं सगळे म्हणतात. त्याला काही मिळणार नाही. नाही केली तर मी गेलो, नोकरी गेली, कदाचित तुरुंगही. मला ना सही करवत ना नाही म्हणवत. वर घरी यायचं तर तुमच्या दोघांच्या समोर बसून जेवायचं. मला वाटतं बाबा, इथेच बसून राहावं. उद्या होऊच नये. काल रात्री तर वाटलं की…" पुढचं तो बोलला नाही, आणि टकटकरावांना ते न बोलताही पोहोचलं.

सही कर आणि मोकळा हो. हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. खोटं कशाला बोला? बाप होता तो. परक्याच्या कमरेपेक्षा आपल्या पोराचा जीव मोठा वाटला त्यांना, त्या क्षणी, त्याची लाज नंतर वाटायची ती वाटली. सही कर, कोणाला कळतंय, सगळे म्हणतील तुझी काय चूक. तोंड उघडलं आणि आतून भलतंच बाहेर आलं.

"सायीच्या रंगाची गाडी होती," ते म्हणाले. "सहावी रांग."

"ते बुधवारचे काका? मला आठवतंय. मी शाळेत होतो. तुम्हाला कळलं नव्हतं ना, ते झोपलेत की काय."

"काच कोरडी होती."

काचेचं शास्त्र मुलगा बापाच्या मांडीवर शिकला होता.

"मी पाहिली होती," टकटकराव म्हणाले. "टॉर्च मारून पाहिली होती. आणि पुढे गेलो. सगळे म्हणाले तुझी काय चूक, आणि मी हो म्हटलं. तुझ्यासारखंच हो. बावीस वर्षं झाली. विषय संपला नाही रे. तुझ्या आईशेजारी झोपायचो तेव्हाही तो मध्ये असायचा. तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं की वाटायचं, आता हेच बाहेर येईल. म्हणून बोललोच नाही. सही कर की नको करू, हे मला विचारू नकोस. मी कोण सांगणार? गप्प बसलं की काय होतं तेवढं मला माहितीय, ते सांगितलं."

मुलाने मध्येच कधी तरी दोन्ही काचा वर केल्या होत्या. टकटकरावांना एकदम आठवलं आणि त्यांनी विचारून टाकलं, "त्या शेवटच्या खेळाला तू काही सांगणार होतास. मी उतरून गेलो."

मुलाने बराच विचार केला. "आठवत नाही बाबा," तो म्हणाला. "खरंच आठवत नाही."

चार वर्षं उराशी धरलेला धोंडा, आणि तो ज्याचा त्याला आठवतच नव्हता. ते हरवलं ते हरवलंच. आता कधीच कळणार नव्हतं. टकटकरावांना हुंदका आला तो त्यांनी येऊ दिला. पोरगाही रडत होता. दोघं भिंतीकडे तोंड करून रडत होते आणि समोरची काच खालून वर दुधी होत चालली होती, दोघं होते म्हणून भरभर. भिंत गेली, सत्तेचाळीसचा आकडा गेला, तळघरातला दिवा नुसता पिवळा डाग होऊन राहिला.

आणि काचेवर टकटक झाली.

टकटकराव असे दचकले की डोकं छताला लागलं. छत्तीस वर्षं हा आवाज त्यांनी बाहेरून केला होता, आतून तो कसा लागतो हे आज कळलं. छातीवरच कोणी ठोकल्यासारखा. बापरे, किती लोकांना असं केलं आपण! मुलाने बाहीने डोळे पुसले आणि काच उतरवली. बाहेर इमारतीचा वॉचमन, हातात टॉर्च, ओशाळलेला.

"साहेब, दोन तास झाले, गाडीत बसलेले दिसलात," तो म्हणाला. "म्हटलं विचारावं. काही प्रॉब्लेम आहे का?"

पुढचं वाक्य टकटकरावांना पाठ होतं. मुलाचे ओठही त्या वाक्याच्या आकारात आले, पहिला "का" जवळजवळ फुटलाच. टकटकरावांना पोराचा हात दाबावासा वाटला, पण त्यांनी दाबला नाही, नुसता धरून ठेवला.

मुलाने वॉचमनकडे तोंड वळवलं आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"आहे," तो म्हणाला.